बाटलीतल्या पुदिन्याला वास कमी का?

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं. त्याच्या प्रयोगशाळेतली ग्रोथ रूम, म्हणजे रोपं वाढवायची खोली, पहिल्यांदा पाहणारा माणूस दारातच थबकतो. छताला टेकलेले लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर दिव्यांची रांग आणि त्याखाली मुरंब्याच्या बाटल्यांसारख्या शेकडो काचेच्या बाटल्या. बाहेर वैशाखाचं ऊन असो की आषाढाचा काळोख, आत तापमान २५ अंश आणि दिवस १६ तासांचा. टाइमर लावलेला असतो. सकाळ त्याच्या ठोक्याला होते आणि रात्रही.

यातली पुदिन्याची एक बाटली उघडा आणि चिमट्याने एक कोंब बाहेर काढा. पान इतकं पातळ की पलीकडचं बोट दिसेल. ते चुरगाळलं की आधी नाकाला लागतो तो काकडीच्या सालीसारखा ओला, हिरवट वास. पुदिन्याचा वास त्याच्या मागून येतो, तोही बेताचाच. आता मंडईतून आणलेल्या जुडीतलं एक पान चुरगाळा. हात धुतला तरी वास जात नाही. बाटलीतली रोपं अशाच एखाद्या दांड्यापासून केलेली असतात, जनुकं तीच असतात. मग वास गेला कुठे?

याचं बरंचसं उत्तर त्या दिव्यांमध्ये आहे. पुदिना, तुळस, गवती चहा, लॅव्हेंडर, ज्योतिबाला वाहतात तो दवणा, अशी वासाची झाडं आज जगभर बाटल्यांमध्ये वाढवली जातात. चांगल्या वाणाची, रोगमुक्त आणि एकसारखी रोपं हजारोंनी हवी असली की हाच मार्ग सोयीचा. जळगावच्या केळीमुळे टिश्यू कल्चर हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी बसला आहे. पण केळीच्या रोपाकडून आपल्याला वाढ आणि घड हवा असतो. वासाच्या झाडाकडून आपल्याला पानातलं तेल हवं असतं, आणि तेल होणं ही वाढीपेक्षा निराळी गोष्ट आहे. हा फरक नजरेआड झाला की हिरवीगार, टवटवीत आणि बिनवासाची रोपं पदरात पडतात.

आधी बाटलीत काय चालतं ते पाहू. निरोगी झाडाच्या फांदीचा पेरासकट तुकडा घेतात, तो निर्जंतुक करतात आणि जेलीसारख्या माध्यमात खोचतात. जेली होते अगारमुळे, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थामुळे. तिच्यात नत्र, पालाश, लोह वगैरे क्षार असतात, संजीवके, म्हणजे झाडाची वाढ चालवणारी द्रव्यं, असतात आणि साखर असते. क्षारांची जी कृती आजही सर्वात जास्त वापरली जाते ती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवली. प्रयोगशाळेत तिला नुसतं एमएस म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर घालतात.

ही ३० ग्रॅम साखर समजून घेतली की पुढचं पुष्कळ सोपं होतं. बाहेरचं झाड उन्हावर स्वतःचं अन्न शिजवतं. बाटलीतल्या रोपाला अन्न आयतं, मुळाशी मिळतं. म्हणून तिथे मंद उजेडातही रोप जगतं, फुटवे काढतं, हिरवं राहतं. दिवा त्याचं पोट फारसं भरत नाही. पण उजेड झाडासाठी नुसतं अन्न नसतो. दिवस किती मोठा आहे, आपण सावलीत आहोत की मोकळ्यावर, पान जाड करायचं की पातळ, खोड उंच काढायचं की आखूड ठेवायचं, हे सगळं झाड उजेडावरून ठरवतं. बाटलीत अन्नाची बाजू साखर सांभाळते, त्यामुळे दिव्याचं खरं काम उरतं ते निरोप देण्याचं. आणि बहुतेक ग्रोथ रूममध्ये हा निरोप कोणी विचार करून दिलेलाच नसतो.

उजेड किती, हे आधी मोजायला हवं. आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांच्या वह्यांत अजून ‘३००० लक्स’ असं लिहिलेलं सापडतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवट पिवळा उजेड सर्वात प्रखर वाटतो, म्हणून लक्समध्ये त्याला जास्त वजन मिळतं आणि लाल-निळ्याला कमी. झाड मात्र प्रकाशकण मोजतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडले, हे झाडाचं माप, आणि ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. मोल हे कणांची संख्या सांगण्याचं एकक, आणि मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग. साध्या पांढऱ्या ट्यूबलाइटचे ३००० लक्स म्हणजे साधारण ४० मायक्रोमोल. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हाच आकडा २००० च्या आसपास जातो.

दिवसभराचा हिशेब केला तर तफावत आणखी नीट कळते. ५० मायक्रोमोलचा दिवा १६ तास चालला तर दिवसाला सुमारे ३ मोल प्रकाश होतो. उन्हाळ्यात निरभ्र आकाशाखाली उभ्या असलेल्या झाडाला ४० मोलांच्या वर मिळतो. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी ती खोली पुदिन्याच्या दृष्टीने दाट आंब्याखालची सावली आहे. त्यात बाटलीचं झाकण, काचेवर साचलेलं दव आणि शेजारच्या बाटलीची सावली धरली तर पानापर्यंत पोचणारा उजेड याहूनही कमी. उजेड फळीवर न मोजता रिकाम्या बाटलीच्या आत, पान असतं त्या उंचीवर मोजावा, असं मला मनापासून वाटतं. फळीवरचा आकडा आणि बाटलीतला आकडा शेजारी शेजारी लिहिले की पुष्कळ कोडी तिथेच सुटतात.

मग दिवे वाढवले की झालं? तसं होत नाही, कारण बाटली बंद असते. दिवा लागला की रोप बाटलीतला कार्बन डायऑक्साइड ओढू लागतं आणि थोड्याच तासांत तो इतका खाली येतो की प्रकाशसंश्लेषण जवळपास थांबतं. रात्री श्वसनाने तो पुन्हा साचतो. हवा नसलेल्या चुलीत लाकडं कोंबावीत तसा तो वाढीव उजेड वाया जातो, वर बाटली तापते. जपानमधल्या चिबा विद्यापीठातल्या तोयोकी कोझाई यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की बाटलीतलं हिरवं रोप आळशी नाही, आपण त्याला उपाशी ठेवतो. झाकणाला हवा खेळेल पण जंतू शिरणार नाहीत असा पडदा लावा, खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढवा, उजेड वाढवा, आणि मग माध्यमातली साखर काढून टाकली तरी चालते. अशा रोपांची पानं दणकट होतात आणि बाहेर काढल्यावर ती कमी मरतात. साखर नाही म्हणून बुरशीही कमी. ही पद्धत सगळीकडे परवडते असं नाही, पण तिने एक गोष्ट पक्की केली: उजेड आणि हवा यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

आता वासाकडे. घरी साधं भिंग असेल तर पुदिन्याच्या पिकल्या पानाची मागची बाजू उजेडाकडे धरून पाहा. शिरांच्या मधल्या खोलगट भागात बारीक, चकाकणारे, सोनेरी ठिपके दिसतील. मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान, पण नजर बसली की मोजता येतात. या तेलाच्या ग्रंथी. प्रत्येक ग्रंथीत थोड्याशा पेशींची एक चकती असते आणि तिच्यावर पातळ पापुद्र्याची पिशवी. चकतीतल्या पेशी तेल बनवून त्या पिशवीत साठवतात. पान चुरगाळलं की पिशव्या फुटतात, तो आपला वास. तुळशीची रचनाही अशाच जातीची. वाळ्याचं मात्र वेगळं, त्याचा वास मुळांत असतो, म्हणून इथलं सगळं त्याला लागू होत नाही.

पुदिन्याच्या कुळातल्या पेपरमिंटवर या ग्रंथींचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यातून दिसलं ते असं, की पानात तेल बनण्याचा जोर पान कोवळं असताना, साधारण पहिल्या तीन आठवड्यांतच असतो. पुढे तेल टिकतं, आतल्या आत बदलतं, पण नव्याने फारसं भरत नाही. म्हणजे एखादं पान किती वासाचं होणार, याचा निकाल त्याच्या लहानपणी मिळालेल्या उजेडात पुष्कळसा लागलेला असतो. बाटलीतल्या पानाचं अख्खं लहानपण आंब्याच्या सावलीत गेलेलं असतं.

तेल किती, याइतकंच तेल कसलं हेही महत्त्वाचं. पुदिन्यातला थंडावा मेंथॉलचा. पण झाड थेट मेंथॉलवर येत नाही. आधी लिंबाच्या सालीतही असणारं लिमोनीन, मग दोन-चार पायऱ्यांनंतर प्युलेगोन, त्यापासून मेंथोन आणि पान पिकता पिकता मेंथोनचं मेंथॉल. प्युलेगोनपाशी एक फाटा फुटतो. तो मेंथोफ्युरानकडे जातो, आणि मेंथोफ्युरान वाढलं की तेलाचा दर्जा उतरतो. झाड कोणत्या वाटेने जाणार, यात प्रकाशाचा हात आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या पेपरमिंटवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं, की दिवस लांब, उजेड भरपूर आणि रात्री थंड असल्या की मेंथोनकडे कल जातो. दिवस आखूड आणि रात्री उबदार असल्या की प्युलेगोन आणि मेंथोफ्युरान वाढतात. शास्त्रज्ञांनी याचं कारण असं मांडलं, की दिवसभर कमावलेलं अन्न उबदार रात्र खर्च करून टाकते आणि मेंथोनकडे न्यायला लागणारी रासायनिक शिल्लक उरत नाही.

हे वाचलं की ग्रोथ रूमचं घड्याळ आठवतं. दिवस १६ तासांचा, म्हणजे लांब, हे चांगलं. पण उजेड सावलीइतका, आणि रात्रही २५ अंशांची. दिवे बंद असताना तापमान चार-पाच अंशांनी उतरू दिलं तर विजेचा खर्च वाढत असेल तिथेही वासाच्या झाडांसाठी तो करून पाहण्यासारखा आहे, असं माझं मत आहे.

आता रंग. यातली सर्वात सुंदर गोष्ट सॅलडच्या लेट्यूसच्या बियांची आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे सरकारी कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी अंधारात भिजवलेल्या लेट्यूसच्या बियांवर काम करत होते. या बियांना थोडा वेळ लाल प्रकाश दाखवला की त्या रुजत. लालनंतर लगेच अतिलाल, म्हणजे दिसण्याच्या सीमेवरचा गडद लाल प्रकाश दाखवला की रुजत नसत. मग पुन्हा लाल दाखवला तर पुन्हा रुजत. लाल, अतिलाल, लाल, अतिलाल, कितीही वेळा केलं तरी निकाल शेवटच्या झोताप्रमाणे. १९५२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. बीमध्ये एकच रंगद्रव्य आहे आणि ते विजेच्या बटणासारखं दोन्हीकडे फिरतं, हे यातून निघालं. पुढे त्याला फायटोक्रोम नाव मिळालं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लालने ते चालू होतं आणि ७३० च्या अतिलालने बंद होतं.

झाडाला हे बटण कशाला लागतं? वरच्या झाडाची पानं लाल प्रकाश खाऊन टाकतात आणि अतिलाल खाली सोडतात. खाली उभ्या रोपाला अतिलाल जास्त मिळाला की ते समजतं, डोक्यावर कोणीतरी आहे. मग ते पानं-तेल यांच्यावरचा खर्च आवरून उंच होण्याच्या मागे लागतं. निळ्या प्रकाशासाठी झाडाकडे क्रिप्टोक्रोम, फोटोट्रोपिन अशी वेगळी ग्राहक प्रथिनं असतात. निळा प्रकाश साधारणपणे खोडाला आवर घालतो, पानांची रंध्रं उघडतो, पान जाड आणि गडद करतो.

बाटलीतही बरंचसं असंच दिसतं. एकटा लाल दिवा दिला तर कोंब सरसर उंच होतात, पेरं लांबतात, पानं फिकी आणि कधी वळलेली होतात. निळा वाढवला की रोप आखूड, घट्ट आणि गडद हिरवं. दोन्हींचं मिश्रण पुष्कळ झाडांना मानवतं, आणि त्यातही लाल जास्त, निळा कमी असं प्रमाण अनेक ठिकाणी वापरतात. पण यात प्रयोगशाळेच्या रोजच्या कामाचा एक गुंता आहे. हुडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या पेटीसमोर, बसून दिवसाला शेकडो कोंब कापणाऱ्या बाईला विचारा, तिला लांब पेरांचा कोंब हवा असतो. सुरी नीट बसते, एका कोंबाचे पाच-सहा तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा नव्या बाटलीत वाढतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा कापला जातो, काम पुढे सरकतं. निळ्याखालचा आखूड, गच्च कोंब कापायला तिला त्रास होतो. रोपांची संख्या आणि पानांचा कस या दोन गोष्टी एकाच दिव्याखाली साधायला जाणं हीच मुळात चूक आहे. संख्या वाढवायची तेव्हा लालकडे झुकणारा उजेड आणि शेवटच्या फेरीत, मुळं फुटताना, निळा वाढवलेला आणि एकूणच जास्त उजेड, अशी विभागणी मला शहाणपणाची वाटते.

हे आता शक्य झालं ते एलईडीमुळे. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून निघणारा अतिनील प्रकाश नळीच्या आतल्या लेपावर आपटून पांढरा होतो. रंग कारखान्यात ठरतो, तो आपल्याला बदलता येत नाही. चोक तापतो, नळी जुनी झाली की उजेड हळूहळू उतरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. लाल एलईडी १९६० च्या दशकापासून होता, पण प्रखर निळा साधला १९९० च्या दशकात. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी हासुद्धा पिवळा लेप दिलेला निळा एलईडीच असतो. त्यामुळे गुलाबी-जांभळे दिवे न बसवता चांगल्या पांढऱ्या एलईडीवरही पुष्कळ काम भागतं. शिवाय गुलाबी उजेडात पान पिवळं पडलंय की बुरशी लागलीय हे डोळ्याला दिसत नाही, हा तोटा विक्रेते सांगत नाहीत.

एक प्रकाश मात्र या दिव्यांत नसतोच, तो म्हणजे अतिनील-बी, डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक पट्टा. उन्हात असतो, थोडाच असतो, पण वासाच्या झाडांसाठी त्याचं मोल आहे. पाश्चात्त्य स्वयंपाकातली बेसिल, म्हणजे आपल्या सब्ज्याची बहीण, हिच्यावरचा २००२ चा अभ्यास पाहा. अतिनील-बीशिवाय वाढवलेल्या रोपांत तेलाच्या ग्रंथी नीट भरल्या नाहीत, त्यांच्या पिशव्या सुरकुतलेल्या राहिल्या. रोज थोडा अतिनील-बी मिळालेल्या रोपांत त्या भरल्या. तेल हे झाडाचं संरक्षणही असतं, त्यामुळे थोडा ताण जाणवल्याशिवाय ते भरत नाही, असं म्हणता येईल. साधी काच हा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. ‘इन व्हिट्रो’चा लॅटिनमध्ये शब्दशः अर्थ ‘काचेत’. म्हणजे ज्या काचेने रोपाला जंतूंपासून वाचवलं, तीच त्याच्या वासाच्या आड येते. खोलीत अतिनील दिवे लावणं हा यावरचा उपाय नव्हे. त्याने रोपाचं नुकसान होऊ शकतं आणि तिथे काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना व त्वचेला इजा होते.

उजेडाचा परिणाम रोपाबरोबर जेलीवरही होतो, हे बऱ्याचदा राहून जातं. एमएस माध्यमातलं लोह एका संयुगात बांधलेलं असतं, आणि निळा व अतिनील प्रकाश पडला की ते बिघडतं. त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि मुळांची वाढ खुंटते. आयएए हे मुळं फोडणारं संजीवकही उजेडात टिकत नाही. मुळं नीट फुटत नसली तर माध्यमाच्या कृतीत फेरफार करण्याआधी तयार माध्यम दिव्याखाली किती दिवस पडून होतं ते विचारावं. ते अंधाऱ्या कपाटात ठेवणं याला काहीच खर्च येत नाही. अंधाराचे इतरही उपयोग आहेत. कापलेला तुकडा सुरुवातीला काळा पडत असेल तर काही दिवस अंधारात ठेवतात, काळेपणा कमी होतो. काही झाडांना मुळंही अंधारात बरी फुटतात.

शेवटी रोप बाटलीतून बाहेर येतं, त्याला हार्डनिंग म्हणतात. मुळांवरची जेली धुऊन रोप कोकोपीटमध्ये लावतात, आधी दमट आणि सावलीत, मग हळूहळू उजेडात. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, रंध्रं धड मिटत नाहीत, म्हणून ती चटकन कोमेजतात. पहिले आठ दिवस पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो. बाटलीतली पानं एकेक करून पिवळी पडतात आणि गळतात, तेव्हा घाबरून पाणी ओतू नये. लक्ष शेंड्याकडे ठेवावं. तिथे नवी जोडी येते ती बाहेरच्या उजेडात जन्मलेली असते: लहान, जाड, जरा खरबरीत, कडांना गडद. तिसरी-चौथी जोडी येईपर्यंत शेडनेटच्या जाळीतून ऊन पडू लागलेलं असतं. त्यातलं एक पान खुडून भिंगाखाली धरा, सोनेरी ठिपके दिसतील. मग चुरगाळा. या वेळी काकडीचा वास येत नाही.